रोज आठला वाढणारं दुकान

मी इंग्रजी शिकायला गेले ती भांडण्यासाठी. माझी मुलगी सई लग्न करून इंग्लंडला गेली, तिथे तिला अपूर्व झाला, आणि आता सहा वर्षांचा तो पठ्ठ्या व्हिडिओ कॉलवर माझ्यावर इंग्रजीत चिडतो. त्याचं बोलणं मला कळतं. पण उलट चिडायची वेळ आली की माझी गाडी 'नो, नो'च्या पुढे सरकत नाही. एकसष्टाव्या वर्षी माझं मागणं फार नव्हतं, नातवाशी धड भांडता यावं एवढंच. म्हणून नवीन पनवेलला कादंबरी नावाच्या मुलीच्या क्लासमध्ये नाव घातलं.

कादंबरी पंचविशीतली पोरगी, आमच्यासारख्या बारा जणांना एका सोसायटीच्या हॉलमध्ये शिकवते. जूनमध्ये तिने एक ऑनलाइन प्रकल्प आणला. परदेशात आपल्यासारखंच इंग्रजी शिकणारी माणसं शोधायची, जोड्या लावायच्या, आणि दर आठवड्याला एकमेकांना एक पत्र लिहायचं. विषय ठरलेले: माझं घर, माझा रस्ता, माझी संध्याकाळ. शेवटी दोघांनी आपापलं एक पान लिहायचं आणि सगळ्यांसमोर ऑनलाइन वाचायचं. भाषांतराचं ॲप वापरायचं नाही, जोडीदाराच्या चुका काढायच्या नाहीत, आणि मधली पत्रं कादंबरी वाचणार नाही.

"काकू, मनसोक्त चुका करा," ती म्हणाली.

म्हटलं, त्या बाबतीत तू माझी अजिबात काळजी करू नकोस.

माझ्या वाट्याला फिलोमेना आली. पोर्तुगालमधल्या एका खाडीकाठच्या गावात राहणारी, अडुसष्ट वर्षांची, एकटी. पूर्वी तिची बेकरी होती. तिचे वडील मिठागरात कामाला होते हे वाचून मला बरं वाटलं, कारण आमचं अर्धं आयुष्य मिठागरांवर चाललं. म्हणजे आमच्या दुकानाचं.

दुकानाबद्दल आधी सांगते. जुन्या पनवेलच्या बाजारात माझ्या सासऱ्यांनी टाकलेलं हे दुकान, चौदा बाय दहा. दोरखंड, सुंभ, ताडपत्र्या, घमेली, फावडी, कोयते, टोपल्या. उरणपर्यंतच्या गावांतले शेतकरी आणि मिठागरवाले इथूनच सामान न्यायचे, न्हावा शेव्याचे ट्रकवाले ताडपत्री बांधायला दोर न्यायचे. मग मिठागरं गेली. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. कंटेनरला ताडपत्री लागत नाही. ज्यांनी आमच्याकडून फावडी नेली त्यांची मुलं आता बिल्डर झालीत, आणि ती मोठाल्या गाड्या रस्त्यात आडव्या लावून नुसती गप्पा मारायला येतात.

मी दादरची. आमच्याकडे सगळे नोकरदार, दुकान कोणी बघितलेलं नव्हतं. लग्न होऊन आठ दिवस झाले असतील, संध्याकाळी मी सासूबाईंना सहज विचारलं, "दुकान बंद झालं का?" त्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ होता. "बंद म्हणायचं नाही. दुकान वाढवतात," त्या म्हणाल्या. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. तसंच दुकान. हे मला माहीत होतं, पण चिमट्यामुळे ते अंगात मुरलं. पुढे चौतीस वर्षांत माझ्या तोंडून त्या दुकानाबद्दल 'बंद' हा शब्द एकदाही निघाला नाही. बाकी नाही नाही ते शब्द मात्र पुष्कळ निघाले.

कारण ते दुकान म्हणजे माझी सवत होती. सईच्या बारशाला हे उशिरा आले, का, तर भिवंडीहून ताडपत्र्यांचा टेम्पो आला होता. माझी आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हाही हे आले ते दुकान वाढवून. सुकापूरला फ्लॅट घेतल्यावर तर घर आणि दुकान यांच्यात रिक्षा आली, आणि जेवायला साडेनऊ वाजायला लागले. मी रोज बोलायचे, ते रोज ऐकून घ्यायचे. विनायक कुणाचंही सगळं ऐकून घेतात, तीच त्यांची वाईट खोड आहे.

तर 'माझी संध्याकाळ' या पत्रात मी लिहिलं: माझा नवरा रोज आठ वाजता दुकान इन्क्रीज करतो. मी जेवण घेऊन थांबते. जेवण थंड होतं आणि मी गरम होते.

मला 'क्लोज' माहीत नव्हता असं नाही. तो शब्द तर दुसरीतल्या मुलालाही येतो. पण लिहायला गेले आणि दंडाला चिमटा बसल्यासारखं झालं. मग डिक्शनरीत 'वाढवणे' बघितलं आणि जो मिळाला तो शब्द लिहून टाकला.

फिलोमेनाचं उत्तर आलं: रोज? रविवारीसुद्धा? कसं करतो ते सांग ना.

मी सविस्तर सांगितलं. आधी दोरखंडांची वेटोळी आत येतात, मग घमेली, मग टोपल्या, मग फावडी. सगळं आत आलं की हे अगरबत्ती लावतात आणि उंबऱ्याला नमस्कार करतात.

ती म्हणाली: किती छान, इतकं सामान रोज आत येतं.

मला वाटलं, बिचारीचं इंग्रजी माझ्याहून कच्चं आहे. चुका काढायच्या नाहीत असा नियम होता, म्हणून गप्प बसले. असे दोन महिने गेले. आम्ही एकमेकींना भाकरीबद्दल लिहिलं, तिच्याकडच्या मक्याच्या पावाबद्दल लिहिलं, गुडघ्यांबद्दल तर भरपूर लिहिलं. आणि दर पत्रात ती शेवटी विचारायची, मिस्टर विनायक कसे आहेत, दुकान वाढतंय ना. मी लिहायचे, हो, रोज आठला.

गणपती झाले आणि एका रात्री जेवताना ह्यांनी सांगितलं, "महिनाअखेरीला दुकान वाढवतोय. कायमचं. मितेश मोबाइलवाल्याला गाळा देतोय."

आणि भात वाढून घेतला.

मी म्हटलं, "बरं."

एवढंच. चौतीस वर्षं त्या दुकानाच्या नावाने कडाकडा बोटं मोडली आणि ते जाणार म्हटल्यावर माझ्या तोंडून 'बरं' निघालं. राग आला मला. आधी त्यांचा, की हा माणूस मला न विचारता ठरवतो. मग स्वतःचा, कारण मला ते दुकान जायला नको होतं आणि ते सांगायला तोंड नव्हतं. कुठल्या तोंडाने म्हणणार होते, देऊ नका म्हणून? ह्यांनी सरळ विचारलं असतं, तूच तर म्हणायचीस ना. शिवाय ह्यांना घरात रिकामं बसलेलं मी कधी बघितलेलंच नाही. हा माणूस हात मांडीवर ठेवून सोफ्यावर बसलाय असं डोळ्यांपुढे आलं की मला भीती वाटायची. रोज ठरवायचे, आज बोलायचं. रोज ताट वाढायचे आणि भाजीत मीठ बरोबर आहे का तेवढं विचारायचे.

शेवटी मी फिलोमेनाला लिहिलं: तीस तारखेला माझा नवरा दुकान पूर्ण इन्क्रीज करणार आहे. मग तो घरी बसेल. मी त्याला ओके म्हटलं. पण मी ओके नाही.

तिचं उत्तर मी क्लासहून घरी जाताना रिक्षात वाचलं. तिने विचारलं होतं: पूर्ण म्हणजे आता किती मीटर झालं?

मी एकदम हसले. इतकी, की रिक्षावाला आरशातून बघायला लागला. सगळं आठवलं, सामान रोज आत येतं, रविवारीसुद्धा, किती छान. अरे देवा, या बाईच्या डोक्यात आमचं दुकान जून महिन्यापासून रोज फुगत होतं. डोळे पुसले आणि पुढे वाचलं.

तिने लिहिलं होतं: माझ्या रस्त्यावर अकरा दुकानं होती. आधी चांभार गेला, मग कापडवाली, मग बाकीचे. सात वर्षांपूर्वी मी बेकरी बंद केली, ती शेवटची. आता इथून जाताना लोक चालण्याचा वेग वाढवतात. तुझं पत्र आल्यापासून मी दुपारी साडेतीनला घड्याळाकडे बघते, कारण तेव्हा तुमच्याकडे आठ वाजतात. मी स्वतःला सांगते, आता पनवेलमध्ये एक दुकान वाढतंय. मग उठून कॉफी करते. तू घाबरू नकोस, तुला अभिमान वाटायला हवा.

रिक्षा सुकापूरला आमच्या गेटपाशी थांबली तरी मी तशीच बसून होते.

दुसऱ्या दिवशी कादंबरीला दाखवलं. ती आधी खो खो हसली आणि मग तिने शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या. "काकू, सांगून टाका. क्लोज. एका शब्दाचं काम आहे."

"तिचं साडेतीन जाईल गं त्याने."

"मग सांगू नका. शेवटचं पान वाचा, टाळ्या घ्या, मोकळ्या व्हा."

हे बरं होतं. चार महिने जिला मैत्रीण म्हटलं तिला खोटं सांगून मोकळं व्हायचं. सांगितलं तर तिचं दुकान जाणार, नाही सांगितलं तर मी खोटारडी. आणि खरं म्हणजे तो शब्द मी अजून घरातही उच्चारला नव्हता. मी पान लिहिलं त्यात भाकरी घातली, तिचा पाव घातला, खाडीवरचे बगळे घातले. दुकान घातलंच नाही.

आणि वाचनाचा दिवस नेमका तीस तारखेला निघाला. संध्याकाळी सातला, म्हणजे तिच्याकडे दुपारी अडीच. मी कादंबरीला कळवलं की मी दुकानातून बोलेन. निदान त्या दिवशी तरी ह्यांना मी एकटं सोडणार नव्हते.

मी साडेसहाला पोचले तर मितेश मोजमापाची टेप घेऊन उभा. चांगला मुलगा आहे, पण घाईचा. "काका, आज बंद करताय ना फायनल?"

ह्यांनी मान खाली घातली. आमच्याकडे पंचवीस वर्षं काम करणारा शिवा घमेली रचत होता, तो म्हणाला, "बंद नाय म्हनाचं रे पोरा. वाढवायचं हाय."

"तेच ते," मितेश म्हणाला आणि मागची भिंत मोजायला गेला.

मी दोरखंडाच्या वेटोळ्याला फोन टेकवला आणि स्टुलावर बसले. पडद्यावर वीसेक चौकोन, त्यात कादंबरी, आमच्या क्लासची मंडळी, तिकडची मंडळी. मागे हे एक ताडपत्री झटकून घड्या घालत होते. आमची जोडी चौथी होती. आधी फिलोमेनाने वाचलं. पांढरे केस, निळा स्वेटर. तिने तिचा रस्ता वाचला, अकरा दुकानं एकेक करून नावानिशी वाचली. मग म्हणाली, जगात कुठेतरी एक दुकान रोज वाढतं हे मला माहीत नव्हतं. आज ते पूर्ण होतंय. मिस्टर विनायक, अभिनंदन आणि थँक यू.

चौकोनांतून टाळ्या वाजल्या. स्वतःचं नाव ऐकून हे पुढे आले आणि त्यांनी फोनला नमस्कार केला.

"काय म्हणतेय?"

"अभिनंदन करतेय."

"कसलं?"

मला सांगवेना. तेवढ्यात कादंबरी म्हणाली, "नाऊ अरुंधती." मी माझा कागद उघडला. पहिल्या ओळीत बगळे होते. ते बगळे बघून मला इतकी लाज वाटली की मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

मग मी जे बोलले ते माझ्या मोडक्या इंग्रजीत बोलले. म्हटलं, फिलोमेना, मी चूक केली. आमच्या भाषेत काही गोष्टींचा शेवट आम्ही नावाने बोलत नाही. आम्हाला भीती वाटते. म्हणून उलटा शब्द बोलतो. आमचं दुकान मोठं होत नाही. ते चौदा फूट बाय दहा फूट आहे, पहिल्या दिवसापासून. रोज आठला माझा नवरा दुकान क्लोज करतो. आज कायमचं क्लोज करतो.

सासूबाईंच्या दुकानात घरच्यांपैकी तो शब्द पहिल्यांदा उच्चारला तो मीच.

आणि एकदा जीभ सुटली ती थांबेना. म्हटलं, चौतीस वर्षं मी या दुकानाशी भांडले. माझ्या नवऱ्याला वाटतं मी आज खूश आहे. मी खूश नाही. मला सांगायचं होतं की थांबा, देऊ नका. मला ते मराठीत सांगता आलं नाही, म्हणून तुला सांगते. तुझं साडेतीन मी मोडलं. सॉरी.

मागे ताडपत्रीचा आवाज थांबला होता. तेव्हा मला आठवलं की या माणसाने चाळीस वर्षं कारखान्यांशी इंग्रजीत पत्रव्यवहार केलाय. बोलत नाहीत, पण ह्यांना सगळं कळतं.

मग फिलोमेना हळू म्हणाली, "मी बेकरीला कुलूप लावलं तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं. चावी खिशात टाकली आणि घरी गेले. तेव्हा काही म्हणायचं असतं हे मला माहीतच नव्हतं."

कादंबरीने पुढच्या जोडीला हाक मारली. मी आवाज बंद केला. वळून बघायची हिंमत होत नव्हती. हे येऊन शेजारी पोत्यावर बसले.

"मला वाटलं तू सुटशील," ते म्हणाले.

"मला विचारलंत?"

"तू बरं म्हणालीस."

"तुम्ही भात घेत होतात. भात घेणाऱ्या माणसाला काय सांगायचं."

त्यांनी हाताचे तळवे उघडून बघितले. दोराने घट्टे पडलेले हात आहेत त्यांचे. मग म्हणाले, "मितेशला नको म्हणून सांगू का? अजून सांगता येईल."

माझे डोळे भरून आले. तो माणूस खरंच सांगायला गेला असता. पण त्यांचे वाकलेले खांदे मला दिसत होते, आणि सकाळपासून किती गिऱ्हाईक आलं हे शिवाने मला दुपारीच फोनवर सांगितलं होतं. एकही नाही.

"नको," मी म्हटलं. "द्या. मला फक्त विचारायला हवं होतंत."

त्यांनी मान हलवली. मग फोनकडे बोट करून म्हणाले, "तिच्या बेकरीचं नाव काय होतं, विचार."

मी फिलोमेनाला वेगळा कॉल लावला. तिने लगेच उचलला, जणू हातातच धरून बसली होती. बेकरीचं नाव एल्विरा, तिच्या आईचं.

"तिला म्हणावं फोन ठेवू नकोस," हे म्हणाले. "आठला दोन्ही वाढवू."

मी सांगितलं. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग पडद्यावर आधी जिना दिसला, मग दार, मग उन्हातला रस्ता, दगडी, मोकळा. ती स्वेटर सावरत रस्ता ओलांडून गेली आणि एका हिरव्या, रंग उडालेल्या दारासमोर उभी राहिली. इकडे शिवाने दोरखंड आत घेतले, घमेली घेतली, टोपल्या घेतल्या. मितेशही टेप खिशात टाकून मुकाट्याने फावडी उचलायला लागला. फिलोमेना सगळं बघत होती. आता तिला माहीत होतं की काय आत चाललंय आणि का.

आठ वाजले. हे रोज एक अगरबत्ती लावतात, आज दोन लावल्या. एक आमच्या लक्ष्मीच्या तसबिरीपुढे. दुसरी उंबऱ्याच्या कडेला, फोनसमोर. वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "विनायक दोरखंडवाले, वाढवलं. एल्विरा बेकरी, वाढवली." शटर ओढायला त्यांनी मला बोलावलं. गंजकं शटर, दोघांनी मिळून ओढावं लागलं.

तिकडे फिलोमेनाने हिरव्या दारावर हात ठेवला होता. "वादावली," ती म्हणाली. तिच्या मागून पिशवी घेऊन एक बाई चालली होती, ती थांबली आणि काय चाललंय विचारायला लागली. फिलोमेना तिला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगत राहिली, आमच्याकडे बघायचंही विसरली. मी हळूच फोन ठेवला.

शिवा शटरला हात लावून स्टँडकडे निघून गेला. आम्ही दोघं रिक्षाने सुकापूरला आलो. एवढ्या वर्षांत संध्याकाळी दुकानातून आम्ही बरोबर घरी यायची ही पहिलीच वेळ. नऊसुद्धा वाजले नव्हते. ह्यांनी हातपाय धुतले आणि टेबलाशी येऊन बसले. किल्ल्या रोज खुंटीला अडकवतात, त्या हातातच होत्या, कारण त्या उद्या मितेशला द्यायच्या होत्या.

मी आमटी गरम केली आणि सवयीने विचारलं, "वाढू?"

शब्द कानावर पडला तसं दोघांनीही एकमेकांकडे बघितलं. त्यांचे डोळे ओले होते.

"वाढ," ते म्हणाले. "आणि तुझंही वाढून घे. आता कुणासाठी थांबायचंय."